घेण्यास नकार

बेलिफाला दारात पाहून कोणाचा चेहरा खुलला, असं एकतीस वर्षांच्या नोकरीत मी तरी पाहिलं नाही. मी सायकल स्टँडवर लावायच्या आत गावभर बातमी पोचलेली असे. ज्याच्या नावाचा कागद, तो मागच्या दारानं धानाच्या बांध्यांमध्ये उतरे, आणि त्याची बायको पदर सावरत सांगे, "ते तं कालच नागपूरले गेले जी." मागं चुलीवर दोघांपुरता भात रटरटत असे. मला याचा फार राग येई. वाटे, मी काय तुमची म्हैस सोडून न्यायला आलोय? कागद आहे, घ्या, सही करा, मोकळे व्हा. लोक सर्रास खोटं बोलतात आणि लोकांना त्याची लाज नाही, हे माझं आवडतं वाक्य होतं. घरी जेवताना मी ते बायकोला ऐकवत असे. आता ते आठवलं की ताटावरून उठून जावंसं वाटतं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात होतो. तालुका कोणता ते लिहीत नाही, कारण माझ्याबरोबरचे काही जण अजून तिथं नोकरीला आहेत आणि जे केलं ते मी एकट्यानं केलं. बेलिफाचं काम सांगायला सोपं. कोर्टाचा समन्स ज्याच्या नावाचा, त्याच्या हातात नेऊन द्यायचा, सही घ्यायची आणि परत येऊन रिपोर्ट लिहायचा. माणूस भेटला नाही तर 'मिळून आले नाहीत' असं लिहायचं. मग कोर्ट नवी तारीख देतं आणि तोच कागद पुन्हा आपल्या झोळीत येतो. माणूस भेटला पण त्यानं कागद घेतला नाही, तर 'घेण्यास नकार दिला' असं लिहायचं, प्रत त्याच्या दाराला डिंकानं डकवायची आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. नकार लिहिला की काम संपलं. कोर्ट समजतं, माणसाला दावा कळला आहे, त्याला यायचं नाही. मग त्याच्यावाचून दावा चालतो आणि त्याच्यावाचून निकाल लागतो. हा एक शब्द केवढा जड आहे ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून पुढं जे झालं त्याला चूक म्हणायची सोय मला नाही.

आमचा जिल्हा सीमेवरचा. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या, त्यामुळं छत्तीसगडच्या कोर्टांचे समन्स आमच्याकडे नेहमी येत. ते आधी जिल्ह्याला येत, मग तालुक्याला, मग आम्हा बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांच्या टेबलावर. आमच्या खोलीत त्यांना 'पाहुणा' म्हणत. पाहुण्याचा नाझरसाहेबांना भारी तिटकारा होता, कारण तो परत गेला की तिकडून स्मरणपत्र येई, आणि स्मरणपत्राची प्रत जिल्ह्याला जाई. साहेब गोंदिया शहरातले, अर्धं हिंदी बोलणारे. पाहुणा हातात देताना ते दरवेळी एकच सांगत, "एक बार में निपटाव बाबा. मले वापस नको."

ज्या पाहुण्याबद्दल मी लिहितोय तो दिवाळीच्या आधी आला. डोंगरगडकडचा दावा होता. प्रतिवादी एकच, आमच्या तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. समन्सला दाव्याची वीसेक पानांची हिंदी प्रत टाचलेली होती. बेलिफानं ती वाचावी असं काही नाही. पण मला वाचायची खोड होती. चहाच्या टपरीवर बसून मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यामुळं मला सगळं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

या बाईंची एक मैत्रीण होती. दोघी अध्यापक विद्यालयात एका खोलीत राहिलेल्या. मैत्रिणीनं पुढं शिक्षकी सोडून नर्सचं शिक्षण घेतलं, डोंगरगडला लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला. दवाखान्यात एक बाळंतीण दगावली होती, तिची मुलगी या नर्सबाईंनी घरी आणून वाढवली. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दत्तकाचे कागद मात्र कधी केले नाहीत. मरण्याआधी नर्सबाईंनी मृत्युपत्र केलं: घर मुलीला, आणि हे सगळं नीट पार पाडायला आपली ही मैत्रीण. अशा माणसाला आपल्याकडं एक्झिक्युटर म्हणतात, त्या कागदावर निष्पादक असं लिहिलं होतं. आता नर्सबाईंच्या नवऱ्याचे पुतणे म्हणत होते की मृत्युपत्र खोटं आहे, मुलगी घराण्याची कोणी नाही, आणि घर आमचं आहे. मुलीला तर त्यांनी दाव्यात घेतलंच नव्हतं. कोणीच नसलेल्या माणसाला कशाला घ्यायचं? मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टात उभं राहून सांगणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाचा कागद माझ्या झोळीत होता. मुलगी तेव्हा तिशीची असेल. त्याच घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवत असे, हेही दाव्यात लिहिलं होतं, तक्रार म्हणून.

पहिल्यांदा मी खरंच गेलो. बसनं फाट्यापर्यंत आणि पुढं चार किलोमीटर पायी. धान कापणीला आलेलं, रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. बाईंचं घर शोधायला त्रास झाला नाही. निळं दार, अंगणात पपईचं झाड, ओट्यावर शाळेतून आणल्यासारखी एक लोखंडी खुर्ची. दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी शेणाच्या हातानं बाहेर आली.

"काऊन जी, कोन पाहिजे?"

मी बाईंचं विचारलं.

"त्या डोंगरगडले गेल्या, त्या मुकीकडे. दर महिन्यात जातेत. मंगरवारी येतीन."

मी 'मिळून आले नाहीत' लिहिलं. ते खरं होतं. नाझरसाहेबांनी रिपोर्ट माझ्याकडं भिरकावला नाही एवढंच. "तुमसे एक मास्तरीण नाही सापडत?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि दोन क्लार्क हसले. मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा होतो. हसणारे माझ्या मुलाच्या वयाचे होते. त्या हसण्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, तरी मी ते कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून सांगावं असं माझ्याजवळ काहीच नाही.

नवी तारीख पडून तोच समन्स पुन्हा आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि आमच्याकडं मंडयांचे दिवस सुरू झाले होते. बाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. धानाची कामं हलकी झाली की आमच्या भागात गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. दंडार म्हणजे सोंगा-गाण्यांचा खेळ असतो, दुकानं लागतात, आणि ज्या गावची मंडई त्या गावात प्रत्येक घरी पाहुणे. लेकी, जवाई, सोयरे, सगळे. मंडईच्या दिवशी सोयऱ्याच्या गावावरून कोणी न जेवता पुढं गेला, तर त्याची आठवण पुढची मंडई येईपर्यंत काढली जाते. माझ्या बहिणीचं सासर नेमकं त्या फाट्यावर होतं, जिथून बाईंच्या गावाकडं पायवाट जात होती. आणि मी नेमका तिथल्या मंडईच्या दिवशी निघालो. नेमका म्हणालो, पण त्यातही खोट आहे. मंडई कोणत्या दिवशी आहे ते मला ठाऊक होतं. समन्सची तारीख अजून दहा दिवस पुढं होती.

बसमधून उतरलो तर बहिणीचे यजमान, आमचे जवाई, समोरच उभे. नवा शर्ट, कपाळाला गुलाल.

"या या, सालेबुवा! मंडई सोडून कुटी चालले?"

मी झोळीवर हात ठेवून म्हणालो, "कोर्टाचा कागद आहे. देऊन येतो अन् मग बसतो."

"कागद का पळून चालला? आधी जेवून घ्या. बहीण तुमची सकाळपासून वाट पाहून राहिली."

जेवलो. बहिणीनं कोंबडा केला होता आणि तांदळाची भाकर. जेवून ओट्यावर टेकलो तर पाठ जमिनीला लागली. उठलो तेव्हा दंडार सुरू झाली होती. जवायांनी पुढं नेऊन बसवलं. उन्हं कलली. चार किलोमीटर जायचं, चार यायचं, शेवटची बस साडेपाचला. बाई घरी असतील कशावरून? नसल्या तर पुन्हा 'मिळून आले नाहीत', पुन्हा नाझरसाहेब, पुन्हा ते दोघं हसणार. असा विचार करत मी दंडारीत सोंग काढणाऱ्या माणसाला हसत होतो.

रिपोर्ट मी बहिणीच्या ओट्यावर लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. दुपारी अडीच वाजता प्रतिवादी समक्ष भेटल्या, समन्स वाचून व समजावून सांगितला, घेण्यास नकार दिला, सबब प्रत राहत्या घराच्या दर्शनी दारास डकवून बजावणी केली. पंच म्हणून एक सही जवायांनी केली आणि एक त्यांच्या शेजाऱ्यानं. काय लिहिलंय ते दोघांनीही विचारलं नाही. शेजारी पेन परत देताना म्हणाला, "कोनावर आफत आनली आज?" सगळे हसले. मीही हसलो.

ती वीस पानांची प्रत दाराला लावायची होती, ती झोळीतच राहिली. घरी येऊन मी ती कपाटात कपड्यांखाली सारली. फाडून टाकायला मन होईना. फाडली नाही म्हणजे अजून पूर्णपणे केलं नाही, असं काहीतरी मला वाटत असावं.

नाझरसाहेबांनी रिपोर्ट वाचून मान डोलावली. आता बेलिफांना मोबाईल दिलेत. दारासमोर उभं राहून फोटो घ्यावा लागतो, कुठं आणि किती वाजता ते आपोआप नोंदलं जातं. नवी पोरं त्याला वैतागतात. माझ्यासमोर कोणी वैतागलं की मी विषय बदलतो.

सव्वा वर्ष गेलं. मार्चचा महिना होता, दुपार होती, आणि खोलीत मी एकटाच होतो. दारात एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पिशवीतून त्यांनी एक झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर ठेवली. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"भाऊ, हे तुमचंच आहे का जी?"

"हो."

त्या समोरच्या बाकावर बसल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्या रागावून आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या लोकांशी कसं बोलायचं हे मी नोकरीभर शिकलो होतो. त्यांनी शाळेत धडा समजावून द्यावा तसं सगळं क्रमानं सांगितलं. महिन्याच्या फेरीला त्या डोंगरगडला गेल्या तर घराला दुसरंच कुलूप. मुलगी शेजाऱ्यांच्या पडवीत बसलेली, शिलाई मशीन प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. पुतण्यांकडं कोर्टाचा हुकूम होता. बाईंनी तिथला वकील गाठला, त्यानं फाईल काढली, आणि फाईलमध्ये निघालं की बाईंना दावा कळवला होता आणि त्यांनी कागद घ्यायला नकार दिला होता.

"वकील म्हनते, कागद भेटलाच नाही असं शपथेवर लिहून द्या, तं निकाल रद्द होते, दावा पुन्हा उभा राहते. पन मी म्हटलं, आधी त्या भाऊले इचारून येतो. आपन कोनावर खोटा आरोप नाही लावाव."

मी झेरॉक्स जवळ ओढून वाचल्यासारखं केलं.

"त्या दिवशी फाट्यावर मंडई होती, ते मले आठवते. अवघा गाव तिकडे गेला होता. मी घरी एकटीच होती. पन तुमी आलेले मले आठवत नाही. तुमी चुकून दुसऱ्या कोनाच्या घरी तं नाही ना गेले? आमच्या गावात माह्या आडनावाचे चार घरं आहेत. तसं असलं तं तेवढं लिहून द्या जी. मानसाची चूक होते. त्याच्यात काही नाही."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. मला खोटारडा ठरवायचंच नव्हतं त्यांना. 'हो बाई, घर चुकलं असेल,' एवढंच म्हणायचं होतं. चौकशी झाली असती, एखादी वेतनवाढ थांबली असती, फार तर निलंबन. ते मी तेव्हाही जाणत होतो. पण त्या झेरॉक्सवर जवायांची सही होती, आणि जवायांना कोणी बोलावून विचारलं तर ते दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळे झाले असते. मी कामकाजाच्या मराठीत बोलायला लागलो. एरवी मी तसा बोलत नाही.

"नाही बाई. तुमच्याच घरी आलो होतो."

"हे पंच तं आमच्या गावचे नाहीत."

"मंडईमुळं तुमच्या गावात कोणी नव्हतं. म्हणून मी फाट्यावरून सोबत आणले होते."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते तयार असल्यासारखं बाहेर आलं. त्यानंतर थांबता आलं असतं, पण बाई अजून माझ्याकडं पाहत होत्या, अविश्वासानं नाही, तर आठवायचा प्रयत्न करत. आणि मी त्यांना मदत केली.

"निळं दार आहे तुमचं," मी म्हणालो. "अंगणात पपई. ओट्यावर लोखंडी खुर्ची असते."

त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही, समोरच होता. आधी त्या हो म्हणाल्या, मग पुन्हा एकदा हळू हो म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. त्याच्यावर काही नव्हतं.

"अन् मी काय म्हटलं होतं?"

यावर गप्प बसायला हवं होतं. आठवत नाही म्हणायला हवं होतं. सव्वा वर्षापूर्वीचं कोणाला आठवतं? पण खोटं बोलणाऱ्याला तपशिलाचा मोह फार असतो. मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात, माझा त्या लोकांशी काही संबंध नाही. मला तो कागद नको."

"त्या लोकांशी," त्या म्हणाल्या. "असं म्हटलं मी?"

"हो."

त्यांनी झेरॉक्सवरच्या 'नकार' या शब्दावर बोट ठेवलं. मग माझ्याशी नव्हे, टेबलाशी बोलल्यासारख्या बोलायला लागल्या. दोन वर्षांपासून दूध उतू जाते, गॅस सुरू राहते. मागं एकदा चष्मा डोळ्यावर असताना घरभर शोधला. शेजारीण हसली होती, त्याही हसल्या होत्या. वाटलं होतं वयाचं आहे. "पन एवढं इसरन असं नव्हतं वाटलं, भाऊ. तिच्या पोरीचं इसरन असं नव्हतं वाटलं."

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी घेतला आणि थोडं पाणी प्यायल्या. उठताना त्या मला म्हणाल्या, "बरं झालं तुमाले इचारलं. नाही तं मी खोटी शपथ घेतली असती." दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या आणि झेरॉक्स उचलून घडी करून पिशवीत ठेवली.

त्या संध्याकाळी मी कपाटातली प्रत काढली आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. वीस पानं जळायला बराच वेळ लागतो. बायकोनं विचारलं, काय जाळताय, मी म्हणालो, जुने कागद. तिनं पुढं विचारलं नाही. तिला मी आजही सांगितलेलं नाही. ती हे वाचील की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मी डोंगरगडहून बोलावणं येईल म्हणून वाट पाहत राहिलो. बाई शपथपत्र देतील, मग मला साक्षीला बोलावतील, उलटतपासणी होईल. पिंजऱ्यात उभं राहून काय बोलायचं ते मी मनात घोकलं होतं. पपई, निळं दार, खुर्ची. कधी ठरवत असे की तिथं खरं सांगून टाकायचं. वकिलानं नीट विचारलं तर सांगायचं. म्हणजे तेही मी त्याच्यावरच टाकलं होतं, त्यानं नीट विचारण्यावर. महिने गेले, पावसाळा गेला, बोलावणं आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटावी अशा पुष्कळ जागा या गोष्टीत आहेत, पण मला सगळ्यात जास्त लाज त्या सुटल्यासारखं वाटण्याची वाटते. मी त्या वर्षी घरी सत्यनारायण घातला होता.

बाई आता नाहीत. त्या गेल्याचं मला निवृत्तीनंतर कळलं, तेही तिसऱ्याकडून. त्यांच्या जाण्याच्या आधी आमची एकदाच गाठ पडली, आणि मला जे लिहायचं होतं ते तेवढंच आहे. बाकीचं त्यासाठी लिहावं लागलं.

थंडीचे दिवस होते. मी तालुक्याच्या बस स्टँडवर उभा होतो. बाकावर बाई बसलेल्या दिसल्या आणि त्यांच्या शेजारी एक तिशी उलटलेली मुलगी. हिरवी साडी, मांडीवर कापडाचं गाठोडं, बोटाला शिवणाऱ्यांचं असतं तसं टोपण विसरून राहिलेलं. मी खांबामागं सरकलो. इतकी वर्षं लोक माझ्यापासून लपले, त्या दिवशी मी लपलो. पण बाईंनी पाहिलं होतं.

"भाऊ! इकडे या ना जी."

गेलो. बाईंनी पिशवीतून एक वही काढली, माझ्याकडं पाहून हसल्या आणि तीत काहीतरी लिहिलं. "आता सगळं लिहून ठेवतो," त्या म्हणाल्या. "कोन आलं, कोन भेटलं, काय बोललं. गोंदियाले डॉक्टरलेही दाखवलं. तो म्हनते तुमाले काही नाही झालं, तुमची आठवन चांगली आहे. त्याले काय माहीत?"

मी विचारलं, दाव्याचं काय झालं. मला विचारायचं नव्हतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं.

"वकिलानं शपथपत्र टाइप करून आनलं होतं. मी सही नाही केली. कागद आलाच नाही असं कसं लिहून देऊ? तुमी तं आले होते." घर गेलं. मुलीला त्यांनी आपल्याकडं आणलं. ती आता गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. डोंगरगडला तिची गिऱ्हाइकं होती, इथं तिचं बोलणं अजून कोणाला समजत नाही. पण बसेल हळूहळू, बाई म्हणाल्या.

मग त्या मुलीकडं वळल्या. तिच्या हाताला स्पर्श करून आधी तिचं लक्ष आपल्या तोंडाकडं घेतलं आणि एकेक शब्द ओठांवर सुटा करून बोलल्या, जोरात नाही, सावकाश.

"हे तेच भाऊ. ज्यायले मी कागद वापस केला. ज्यायले मी म्हटलं, माहा संबंध नाही."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मग बाईंकडं. गाठोडं खाली ठेवून तिनं बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मान हलवली, नाही, नाही, अशी. म्हणजे ते मनातून काढून टाका. हे तिनं आधीही पुष्कळदा केलं असणार, इतकं ते सवयीनं झालं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या हसत होत्या.

"पाहा, भाऊ," त्या मला म्हणाल्या, "हिनं मले माफ केलं."

माझी बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता. दोघीही माझ्याकडं पाहत होत्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

"बरं झालं, बाई," मी म्हणालो, आणि बसमध्ये चढलो.